दहा लाख पट पेशी : एका टर्मच्या प्रकल्प नोंदी

४ जुलै

आज कपाट आवरलं. गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेल्या थर्माकोलच्या पेशी अजून तिथेच होत्या. रंगकाम सुबक, नावांच्या पट्ट्या एका रेषेत चिकटवलेल्या. टाकून देणं जिवावर येतं. पण त्यांच्याकडे बघताना व्हायव्हातला, म्हणजे तोंडी परीक्षेतला, एक प्रसंग आठवत राहिला. मी एका मुलीला विचारलं होतं, "पेशीपटल इतकं जाड का घेतलंस?" ती म्हणाली, "पुस्तकात तेवढंच आहे, मॅडम." तिने चित्राची नक्कल केली होती आणि नक्कल उत्तम होती. दोन आठवडे खपून केलेल्या त्या कामात तिला एकही निर्णय स्वतःच्या डोक्याने घ्यावा लागला नव्हता. दोष तिचा नव्हता. मी दिलेलं कामच तसं होतं.

म्हणून या टर्ममध्ये हाताने करायची कामं ठेवायचीच, पण बघून उतरवता येणार नाहीत अशी. प्रत्येक गटाची एक निर्णयवही. काय ठरवलं, का ठरवलं, कशावरून वाद झाला, काय मोडून पुन्हा केलं, ते त्याच दिवशी लिहायचं. वहीच्या शेवटच्या पानांवर एकच मथळा: 'आपलं मॉडेल कुठे खोटं बोलतं'. गुण वहीला आणि तोंडी उत्तरांना. दिसण्याला गुण नाहीत.

हे शेवटचं वाक्य ऐकून वर्गात कुजबुज झाली. एक मुलगी फार छान चित्रं काढते. तिचा चेहरा पडलेला मला दिसला. तिच्याशी वेगळं बोलायला हवं.

८ जुलै

पहिलं काम: मैदानावर एक पेशी मांडायची, त्यातली प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात. प्रमाण वर्गाने ठरवायचं.

एका गटाने हजार पट सुचवलं. हिशेब करून बघा म्हटलं. २० मायक्रॉनची पेशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा) २ सेंटिमीटरची होते आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारा कण, डोळ्यांना दिसत नाही. मग लाख पट. पेशी २ मीटरची, दोन टेबलं जोडली की मावते, रायबोसोम अडीच मिलिमीटरचा; पण पटल एक मिलिमीटरही भरत नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, तो म्हणाला, "दहा लाख पट घेऊ. मग हिशेबच नको. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटर आणि मायक्रॉन म्हणजे मीटर."

त्याने हे म्हणताच फळ्यावर मापं भराभर पडत गेली. पेशी २० मीटर. केंद्रक ६ मीटर. मायटोकॉन्ड्रिया अर्धा ते एक मीटर रुंद. पटल ७ ते ८ मिलिमीटर. रायबोसोम २५ ते ३० मिलिमीटर. पेशीच्या सांगाड्यातलं मायक्रोट्युब्यूल २५ मिलिमीटर जाडीची नळी, त्यातलाच ॲक्टिनचा तंतू ७ मिलिमीटर. डीएनए २ मिलिमीटर जाडीचा दोरा. ग्लुकोजचा रेणू साधारण एक मिलिमीटर. पाण्याचा रेणू पाव मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे बारीक वाळूचा कण.

डेव्हिड गुडसेल या शास्त्रज्ञाची जलरंगातली पेशीची बरीच चित्रंही याच प्रमाणातली आहेत, दहा लाख पट. ती मी मुद्दाम आज दाखवली नाहीत. आधी त्यांची त्यांना पेशी मांडू दे.

१५ जुलै

सामान जमवण्याचा दिवस. ८ मिलिमीटर जाडीची दोरी मिळाली आणि एका गटाच्या लक्षात आलं की दोरी हेच पटल. वेगळं काही करायला नको, दोरीची जाडी हीच पटलाची जाडी. ६० मीटर दोरी आणली होती. २० मीटर व्यासाचा परीघ ६३ मीटरला थोडासाच कमी, त्यामुळे जवळजवळ ३ मीटरची फट राहणार. ती दुसऱ्या रंगाच्या दोरीने भरायची असं ठरलं आणि तसं वहीत लिहिलं गेलं.

मग एकीने उलटा हिशेब मांडला. पुस्तकातलं पेशीचं चित्र १० सेंटिमीटरचं असेल तर त्यात पटल किती जाड हवं? पेशी पटलाच्या अडीच हजार पट रुंद. १० सेंटिमीटर भागिले अडीच हजार, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. केसापेक्षाही बारीक रेघ. ती वही घेऊन माझ्याकडे आली. "मग पुस्तकातलं चित्र चूक आहे?" मी म्हटलं, चित्रकाराला पटलातले दोन थर दाखवायचे होते, म्हणून त्याने जाडी वाढवली आणि ते तिथे लिहिलं नाही. तू तुझ्या वहीत लिही.

१९ जुलै

रात्रीच्या पावसाने खडूच्या रेषा धुऊन गेल्या. दोरी फक्त राहिली. पुन्हा आखायला पुढच्या आठवड्यात बसू.

२२ जुलै

आज पेशी उभी राहिली. म्हणजे आडवी पडली.

मध्ये खुंटी, १० मीटरची दोरी, आणि एक मुलगा दोरी ताणून गोल फिरला. आत ३ मीटर त्रिज्येचं केंद्रक. केंद्रकाच्या कडेवर १२ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या, ही केंद्रकाच्या पटलावरची छिद्रं. पुठ्ठ्याचे लांबट मायटोकॉन्ड्रिया. मातीच्या गोळ्या म्हणजे रायबोसोम. त्यांनी तीनशे वळल्या होत्या आणि वळताना कंटाळून गेले होते. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत रायबोसोम लाखोंनी असतात, हे त्यांना पाठ होतं. ३०० गोळ्या वळून हात दुखायला लागल्यावर 'लाखो' हा शब्द त्यांनी वेगळ्याच तऱ्हेने उच्चारला.

दोरीबाहेर एक मुलगा हात वर करून आडवा झाला. तो ई. कोलाय जिवाणू: २ मीटर लांब.

खरा वाद केंद्रकावरून झाला. एकाने मैदानाकडे बघून म्हटलं, केंद्रक पेशीचा साधारण ९ टक्के भाग व्यापतं. हिशेब बरोबर होता: ६ भागिले २०, त्याचा वर्ग. सगळ्यांनी वहीत ९ टक्के लिहिलं. मी काही बोलले नाही. पाचेक मिनिटांनी दोरी गुंडाळणारी एक मुलगी थांबली आणि आकाशाकडे बघायला लागली. "मॅडम, पेशी वरपण २० मीटर आहे ना?" मग वर्ग नव्हे, घन करायला हवा. ०.३ चा घन ०.०२७. आमच्या मापांनी केंद्रक तीन टक्क्यांहूनही कमी. सगळ्या वह्यांत ९ खोडून २.७ झालं. सपाट चित्रं बघून बघून आपल्याला केंद्रक केवढं मोठं वाटतं, हे मलाही इतक्या स्पष्टपणे कधी जाणवलं नव्हतं.

'कुठे खोटं बोलतं' या पानावर आज एकाच दिवसात पाच गोष्टी आल्या: सपाट आहे, रिकामं आहे, थांबलेलं आहे, कडा पक्क्या आहेत, दोरीला आतली-बाहेरची बाजू नाही. 'रिकामं' लिहिणाऱ्या गटाला मी तेव्हा गुडसेल यांची चित्रं दाखवली. प्रथिनं एकमेकांना खेटून, मध्ये बोट शिरणार नाही इतकी दाटी. ती मुलं बराच वेळ गप्प होती.

२ ऑगस्ट

डीएनएचा हिशेब. माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएची लांबी साधारण २ मीटर, म्हणजे आमच्या मैदानावर २,००० किलोमीटर दोरा. १०० मीटरची एक रीळ धरली तर वीस हजार रिळं. ती ६ मीटरच्या गोलात कशी बसणार? बसणारच नाही, असं बहुतेकांनी हात वर करून सांगितलं.

मग घनफळ काढलं. २ मिलिमीटर जाडीचा, २,००० किलोमीटर लांबीचा दोरा: सव्वासहा घनमीटर. केंद्रकाचा गोल: ११३ घनमीटर. दोरा सहज बसतो, पाच-सहा टक्के जागेत. वर्ग अवाक झाला, आणि खरं सांगायचं तर मला इथेच शिकवण्याचा आनंद मिळाला. कारण लगेच पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला. बसवणं अवघड नाही, तर मग अवघड काय? गुंता न होऊ देणं. हवा तो तुकडा हवा तेव्हा सापडणं. विभाजनाच्या वेळी ४६ तुकडे न तुटता वेगळे करणं. हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं ती प्रथिनं, कशासाठी, हे मी दरवर्षी 'पॅकेजिंग' या एका शब्दात सांगत आले. आता मणी आणि दोरा घेऊन बसलो. न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोनचा मणी आणि त्यावरचा डीएनए, मिळून ११ नॅनोमीटरचा; दोऱ्याची जाडी वजा केली की मणी ७ मिलिमीटरचा. १४७ बेस जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, त्याच्याभोवती गुंडाळायच्या. एका जोडीला ०.३४ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक मण्याला ५ सेंटिमीटर दोरा, पावणेदोन वेढे. दोऱ्याचे वेढे सुटू नयेत म्हणून मुलांनी बोटांनी धरून ठेवले आणि एकाने विचारलं, "मग जनुक वाचायचं असेल तेव्हा सोडायचे कसे?" पुढचं प्रकरण तिथूनच सुरू केलं.

९ ऑगस्ट

कागदी हेलिक्स. छोटा तास. १९४८ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग ऑक्सफर्डमध्ये सर्दीने अंथरुणावर पडले होते तेव्हा त्यांनी कागदावर पॉलिपेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांची, साखळी काढली आणि कागद दुमडत दुमडत अल्फा हेलिक्सपर्यंत, प्रथिनांतल्या मळसूत्रासारख्या वेढ्यापर्यंत, पोहोचले. ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झालं. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं. पूर्णांक नाही, हीच त्यातली गंमत: वेढा पूर्ण आकड्यावर बसलाच पाहिजे हा हट्ट सोडल्याशिवाय ते सापडत नाही.

आमच्या मुलांच्या निम्म्या पट्ट्या डाव्या हाताच्या, म्हणजे उलट वळणाच्या, निघाल्या. फरक काय, असं तोंडाने समजावण्यापेक्षा दोन हेलिक्स एकमेकांवर ठेवून बघायला सांगितलं. जुळत नाहीत म्हणजे नाहीत.

१२ ऑगस्ट

मायोसिसची लोकर. मायोसिस म्हणजे अंडी आणि शुक्राणू तयार होताना गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन. आजचा दिवस मी विसरणार नाही, म्हणून सविस्तर.

प्रत्येक गटाला लाल आणि निळी लोकर. लाल आईकडून आलेली, निळी वडिलांकडून. गुणसूत्रांच्या तीन जोड्या करा, आखूड, मध्यम, लांब. आणि पेशी दोनदा विभागून चार पेशींपर्यंत आणा. सूचना एवढीच. आठ गटांपैकी पाच गटांनी इंग्रजी एक्ससारखा आकार केला, आणि त्यात एक भुजा लाल, दुसरी निळी. दोन्ही मध्ये गाठ मारून जोडलेल्या.

सिस्टर क्रोमॅटिड (एकाच गुणसूत्राच्या दोन नकला) आणि होमोलोगस जोडी (आईकडचं आणि वडिलांकडचं जुळणारं गुणसूत्र) यांच्यातली ही गल्लत मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत बघते. पण वाक्यांमध्ये ती लपते. 'होमोलोगस गुणसूत्रे वेगळी होतात' हे वाक्य पाठ असतं. लोकरीत ती उघडी पडली. ताबडतोब सांगून टाकावंसं वाटत होतं. मी मागे जाऊन खिडकीपाशी उभी राहिले.

अडचण अशी की या चुकीतूनही शेवट बरोबर येतो. प्रत्येक जोडीचे दोन लाल-निळे एक्स पहिल्या विभाजनात आख्खे गेले, दुसऱ्यात फुटले, चार पेशींत एकेक धागा, दोन लाल आणि दोन निळे. मोजून बघितलं तर सगळं जुळतं. एका गटाने "झालं" म्हणून हात वर केला. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि इतकंच म्हटलं, "आता चित्रपट उलटा फिरवा. हा एक्स तयार होण्याआधी काय होतं, ते दाखवा."

त्यांनी गाठ सोडली. एक लाल धागा, एक निळा धागा. "आणि मग?" "मग डीएनएची नक्कल होते." "करा नक्कल." एका मुलीने लाल धागा हातात घेतला, दुसरा हात लोकरीच्या ढिगाकडे नेला, आणि हात हवेतच थांबला. लाल धाग्याची नक्कल निळी कशी होईल? ती गटातल्या बाकीच्यांकडे बघत राहिली. मग तिने लाल धागा उचलून लालला बांधला, निळा निळ्याला. आता एक एक्स आख्खा लाल, दुसरा आख्खा निळा. "म्हणजे जोडी ही आहे," ती म्हणाली आणि दोन एक्स शेजारी शेजारी ठेवले.

मी काहीही शिकवलं नव्हतं. पुढच्या वीस मिनिटांत ते शेजारच्या टेबलांवर जाऊन "तुम्ही उलटं फिरवून बघितलंत का?" असं विचारत होते.

आता पहिलं विभाजन हे खरंखुरं निम्म्यावर आणणारं झालं. त्यानंतर क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या तुकड्यांची अदलाबदल: कात्रीने कापून लालचा तुकडा निळ्याला गाठीने जोडायचा. जुन्या, चुकीच्या एक्समध्ये याला काही अर्थच उरला नसता. एका गटाने तीन जोड्यांच्या सगळ्या मांडण्या टेबलावर लावल्या: आठ. २ चा घन. माणसाच्या २३ जोड्यांसाठी २ चा २३ वा घात, ८३,८८,६०८, आणि हे क्रॉसिंग ओव्हर न धरता. एका मुलाने तो आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि तास संपल्यावरही पुसू दिला नाही.

शेवटी मी एक प्रश्न ठेवला. पहिल्या विभाजनात जोडी सुटलीच नाही तर युग्मकात, म्हणजे अंड्यात किंवा शुक्राणूत, काय जाईल, आणि दुसऱ्या विभाजनात क्रोमॅटिड सुटले नाहीत तर? लोकर हातात असल्यामुळे तीन मिनिटांत उत्तर आलं: पहिल्यात लाल आणि निळा दोन्ही एकत्र, दुसऱ्यात एकाच रंगाचे दोन. हे मी पूर्वी दोन तास शिकवत असे.

२३ ऑगस्ट

गुणांवरून आज दोघांची तक्रार आली. त्यांचं मैदानी मायटोकॉन्ड्रियॉन सर्वांत देखणं होतं, आतल्या घड्यांसकट. निर्णयवहीत मात्र दोन पानं. दुसऱ्या एका गटाचं काम ओबडधोबड आणि वही तुडुंब. त्यात ९ खोडून २.७ केलेलं पानसुद्धा तसंच ठेवलेलं. मी दोन्ही वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि त्यांनाच वाचायला सांगितलं. ते नाराजच होते. पण मी गुण बदलले नाहीत.

त्यांना डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांचं पहिलं मॉडेल सांगितलं. १९५१ च्या शेवटी त्यांनी केलेलं डीएनए तीन पदरी होतं आणि फॉस्फेट आतल्या बाजूला होते. क्ष-किरणांनी डीएनएचा अभ्यास करणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिन यांनी बघताक्षणी ते कसं चूक आहे हे सांगितलं. पुढे १९५३ मध्ये वॉटसन यांनी बेसचे आकार पुठ्ठ्यातून कापून जुळवून बघितले. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी पाठ्यपुस्तकातली रासायनिक रूपंच चुकीची आहेत हे लक्षात आणून दिलं होतं. हातात पुठ्ठा होता, म्हणून चूक लवकर कळली. चुकीच्या मॉडेलची पानं फाडायची नसतात, हे मला त्या दोघांना सांगायचं होतं.

३० ऑगस्ट

चेतापेशीचा आवेग, म्हणजे तिच्यातून धावणारा विद्युत संदेश, वर्गात उभं राहून. एका ओळीत चौदा जण, प्रत्येक जण सोडियमचं दार. शेजाऱ्याचा हात वर गेला की आपण हात वर करायचा. विश्रांतीत उणे ७० मिलिव्होल्ट, उणे ५५ ला पोहोचलं की दार उघडणार, अधिक ३० च्या आसपास जाऊन परतणार.

एक मुलगी कुबड्या वापरते. तिने आधीच सांगितलं होतं की ओळीत उभं राहायचं नाही. तिने व्होल्टमीटर व्हायचं ठरवलं: फळ्याशेजारी बसून मधल्या एका जागेचा विद्युत विभव ती आलेखावर उतरवत होती. आज सर्वांत जास्त तिलाच दिसलं.

पहिल्या फेरीत गोंधळ. आवेग पुढे गेला आणि लगेच मागेही फिरला, कारण मागचा शेजारीही शेजारीच. हात वर-खाली, वर-खाली, थांबायलाच तयार नाही. तिने मोठ्याने म्हटलं, "थांबा, माझा आलेख उतरतच नाहीये." मुलांनी स्वतः नियम घातला: एकदा हात वर केला की तीन मोजेपर्यंत पुन्हा करायचा नाही. दुसऱ्या फेरीत आवेग एका दिशेने सरळ टोकापर्यंत गेला. त्यांनी रिफ्रॅक्टरी पिरियड, म्हणजे दार लगेच पुन्हा उघडू न शकण्याचा काळ, शोधून काढला होता. सोडियमच्या दाराला निष्क्रिय होणारी दुसरी कडी असते, हे मी त्यानंतर सांगितलं.

पोटॅशियमच्या दारांसाठी चौघं वेगळे उभे केले. त्यातला एक म्हणाला, "मी उशिरा उघडतो," आणि तो खरोखरच उशिरा उघडला, म्हणून आलेख खाली आला. तोवर निम्म्या वर्गाची समजूत अशी होती की विभव खाली आणतो तो सोडियम-पोटॅशियम पंप. तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, पण एका आवेगाच्या वेळात हे काम उरकण्याइतका तो वेगवान नाही. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड ॲक्सॉनवरून (चेतापेशीच्या लांब तंतूवरून) हे सगळं आकड्यांत मांडलं, तेव्हा त्यांचाही भर दारांवरच होता.

खोटं कुठे: प्रत्यक्षात एका आवेगात आत येणारे सोडियम आयन इतके थोडे असतात की बाहेर-आतलं प्रमाण जवळजवळ हलत नाही. आम्ही मात्र आयन म्हणून चेंडू वापरले होते आणि टोपली रिकामी झाली होती. हे व्होल्टमीटर झालेल्या मुलीने लिहिलं.

६ सप्टेंबर

जिवाणूंनी चित्रं काढायची का, असं दोघांनी विचारलं. अलेक्झांडर फ्लेमिंग रंगीत जिवाणूंनी चित्रं काढत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे. मी नाही म्हटलं. सुरक्षित, माहितीतल्या वाणांशिवाय आणि खात्रीच्या निर्जंतुकीकरणाशिवाय ते करायचं नाही. वाईट वाटलं, पण हा निर्णय पक्का.

१७ सप्टेंबर

पर्णरंध्रांची, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची, चित्रं. पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ थर, तो वाळला की पारदर्शक चिकटपट्टीने अलगद ओढून काढायचा आणि काचपट्टीवर चिकटवायचा. पेशींचा ठसा येतो, आतलं हिरवं काही येत नाही.

सगळ्यांना वेगवेगळी पानं दिली. त्या छान चित्रं काढणाऱ्या मुलीला गवताचं पातं. तिने वीस मिनिटांत सुंदर चित्र दिलं: दोन मूत्रपिंडाकार रक्षक पेशी, मध्ये छिद्र, विखुरलेली रंध्रं. मी म्हटलं, "पुन्हा बघ." तिला राग आला. तिने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, आणि मग पेन्सिल खाली ठेवली.

गवताच्या रक्षक पेशी डंबेलसारख्या असतात. दोन्ही टोकं फुगीर, मधला भाग अरुंद. रंध्रं रांगांमध्ये, पात्याच्या लांबीला समांतर. तिच्या समोर ते होतं आणि हाताने शाळेपासून काढलेलं चित्र काढलं होतं. तिने पहिलं चित्र खोडलं नाही. शेजारी दुसरं काढलं, तासाभराने, आणि खाली लिहिलं: 'डावीकडचं मला माहीत होतं. उजवीकडचं मी बघितलं.' ४ जुलैपासून तिच्याशी वेगळं बोलायचं राहूनच गेलं होतं. आज बोलले. तिच्या रेषेची या वर्गाला गरज आहे, हे तिला सांगितलं.

२४ सप्टेंबर

व्हायव्हा. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुमचं मॉडेल कुठे खोटं बोलतं? कुणी दाटी, कुणी वेग. एका गटाने कायनेसिनचा हिशेब आणला होता. हे मोटार प्रथिन मायक्रोट्युब्यूलवरून ८ नॅनोमीटरची पावलं टाकतं, सेकंदाला शंभरच्या आसपास; आमच्या मैदानावर ८ मिलिमीटरचं पाऊल आणि सेकंदाला ८० सेंटिमीटर. एका मुलाने नळीशेजारून त्या वेगाने चालून दाखवलं. संथ चाल, पण सेकंदात शंभर पावलं टाकून.

गवताचं चित्र काढणारी मुलगी शेवटी आली. ती म्हणाली, "रंग." आम्ही रायबोसोम तांबडे केले होते. ती म्हणाली, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. म्हणजे आपल्या मैदानावर प्रकाशाची एक लाट ४० ते ७० सेंटिमीटरची. रायबोसोम ३ सेंटिमीटरचा. तो त्या लाटेला दिसणार कसा?

मी तो हिशेब कधी केला नव्हता. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटर, त्याहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, हे शिकवलं होतं. ते आमच्या प्रमाणात २० सेंटिमीटर होतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

१ ऑक्टोबर

दोरी पुन्हा मैदानावर. गवताचं चित्र काढणाऱ्या मुलीने तारेचं २० सेंटिमीटर व्यासाचं कडं करून आणलं होतं. कडं जिथे ठेवू तिथे आत जे काही आहे ते एकच ठिपका, असा नियम. ते घेऊन ती पेशीतून चालत गेली आणि बाकीचे मागून. केंद्रक राहिलं. मायटोकॉन्ड्रिया राहिले, आतल्या घड्या गेल्या. बाहेरचा ई. कोलाय राहिला. रायबोसोमच्या गोळ्या, सहा-सात एका कड्यात, एक ठिपका. केंद्रकाच्या छिद्राची १२ सेंटिमीटरची चकती कड्यात अख्खी मावली आणि गेली. मायक्रोट्युब्यूलच्या शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन नळ्यांची एक रेघ झाली.

मग ती दोरीपाशी आली. दोरीवर कडं ठेवलं आणि वाकून बराच वेळ बघत राहिली. "पटल तर दिसतच नाही," ती म्हणाली. "मग पेशीची कड आहे हे शास्त्रज्ञांना कळलं कसं?"

तास संपला होता. कुणी उठलं नाही.